अटेन्युएशनला आपल्या भाषेत काय म्हणायचं

शहराबाहेरचा कचरा डेपो एक कंपनी चालवायची. डेपोच्या उतारावर खाली वस्ती होती. तिथल्या विहिरींना वास यायला लागला, लोक चिडले आणि सरकारी सुनावणी ठरली. कंपनीनं परदेशातून एक तज्ज्ञ आणला. तो बोलणार इंग्रजीत. ते लोकांना त्यांच्या भाषेत सांगायला दुभाषी बाईंना बोलावलं.

बाईंनी कोर्टात आणि दवाखान्यात बरीच वर्षं हे काम केलं होतं, पण सुनावणीआधी कंपनीच्या ऑफिसात हाती आलेले तज्ज्ञाचे शब्द त्यांनाही नवे होते. ‘लीचेट’ म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, एवढं कळलं. ‘प्लूम’ शब्दकोशात पाहिला तर पिसांचा तुरा निघाला.

“तुरा नाही हो,” कंपनीचे मॅनेजर हसले. “घाण पाणी जमिनीखाली पसरत जातं ना, तो पट्टा.”

“मग तसंच सांगते.”

“नुसतं पाझर म्हणा. लोक उगीच घाबरतात.”

पाझर म्हटलं की डोंगरातलं गार पाणी डोळ्यांपुढे येतं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

“आणि हे नॅचरल अटेन्युएशन?”

“नैसर्गिक शुद्धीकरण योजना.”

“त्यात यंत्र कुठलं बसवणार?”

“ते तांत्रिक आहे.”

“कुणी विचारलं तर?”

“तुम्हाला कोण विचारणार?” म्हणत मॅनेजर फोनकडे वळले.

तज्ज्ञ खिडकीपाशी चहा ढवळत उभा होता. त्याला त्यांचं बोलणं कळत नव्हतं. पण बाईंना वाटलं, हे दोघं एका माळेचे मणी. लोकांना कळू नये म्हणूनच हा माणूस असे शब्द वेचून काढत असणार.

संध्याकाळी धाकटी नणंद घरी आली. ती त्याच वस्तीत राहायची. पाण्याचा पेला तिनं हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

“वहिनी, कंपनीच्या गाडीतून उतरलीस म्हणे.”

“कामाला गेले होते.”

“कुणाच्या बाजूनं?”

“कुणाच्याच नाही. बोलणारा बोलेल ते सांगायचं.”

“ते आम्हाला कसं कळणार?” नणंद म्हणाली आणि उठून गेली. बाईंना ते लागलं. राग यावा तर बोलणं खोटंही नव्हतं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. मुलांच्या बुटक्या बाकांवर लोक गुडघे मुडपून बसले होते आणि तज्ज्ञापेक्षा बाईंकडेच जास्त रोखून पाहत होते. लीचेटला त्या ‘कचऱ्याचं झिरपलेलं घाण पाणी’ म्हणाल्या. मॅनेजरनी घसा खाकरला. मग तज्ज्ञ अटेन्युएशनवर आला आणि बाई थांबल्या.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी अध्यक्षबाईंना त्या म्हणाल्या, “या शब्दाचा अर्थ त्यांनाच विचारू का? मला चुकीचं सांगायचं नाही.”

“हे दुभाष्याचं काम नाही,” मॅनेजर उठले.

“विचारू द्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाईंनी इंग्रजीत विचारलं. तज्ज्ञ आडपडदा न ठेवता बोलला. बाईंनी वाक्यामागून वाक्य लोकांपुढे ठेवलं. “यात यंत्र नसतं. काही करायचं नसतं. माती आणि जंतू घाण हळूहळू कमी करतात, आपण पाणी तपासत राहायचं. याला पुष्कळ वर्षं लागतात. म्हणून डेपोलगतच्या विहिरी आत्ताच बंद करा आणि वस्तीला नळ द्या, असं मी कंपनीला पहिल्याच भेटीत सांगितलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

तज्ज्ञानं मॅनेजरकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. आपण भलत्याच माणसावर संशय घेतला, हे बाईंना तेव्हा कळलं आणि त्या ओशाळल्या.

अध्यक्षबाईंनी विहिरी बंद करून नळ येईपर्यंत टँकर द्यायचा हुकूम तिथेच काढला. कंपनीनं बाईंना पुन्हा बोलावलं नाही.

बाहेर नणंद फाटकापाशी थांबली होती.

“तो खरंच तसं बोलला, की तू पदरचं घातलंस?”

“विचार त्यालाच.”

“त्याचं मला कळलं असतं तर तू कशाला लागली असतीस?” ती अजूनही बाईंचा चेहरा निरखत होती. मग म्हणाली, “चल, टँकर कुठे उभा करायचा ते बघू. गल्ली अरुंद आहे.”

दोघी उताराला लागल्या.