अठ्ठाविसावी ओळ

मी एक यादी बोलतेय. किराण्याची नव्हे, लग्नातल्या मानपानाचीही नव्हे. विनोद कशावर करायचा नाही, याची यादी. पुंडलिकनगरात सदाशिवकाकांच्या घरावर जो हॉल आहे, तिथं माइकच्या मागच्या भिंतीवर मी असते. डावा कोपरा जरा फाटलाय, तीच मी.

जन्मानं मी साधी पिवळी कार्डशीट. गुलमंडीतल्या एका दुकानात गुंडाळी होऊन पडले होते. माझ्या शेजारच्या निळ्या शीटवर कुणीतरी शाळेसाठी पचनसंस्था काढणार होतं, आणि मला तिचा फार हेवा वाटायचा. आपल्यावरही निदान एखादं फुप्फुस यावं, एवढीच माझी इच्छा होती.

माझ्या नशिबी आला ऋतुराज. हा बजाजनगरात राहतो, वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो आणि रविवारी संध्याकाळी पाचला या हॉलमध्ये उभा राहून लोकांना हसवतो. त्याला स्टँड-अप म्हणतात. हॉल मिळवून दिला त्याच्या मोठ्या बहिणीनं, मोनिकानं. एरवी इथं योगासनं आणि भजन चालतं. "काका, हासणं बी आसनच हाय की," असं म्हणून तिनं काकांना गुंडाळलं. दर रविवारी किल्ली आणून दार तीच उघडायची, सतरंज्या तीच घालायची, आणि भाऊ बोलायला लागला की सगळ्यात आधी हसायचीही तीच.

पहिल्याच रविवारी ऋतुराजनं आपल्याच भाऊबंदांच्या लग्नातल्या थाटावर तोंडसुख घेतलं. लोक पोट धरून हसले. सोमवारी सकाळी त्यातलेच सात जण जिन्यात उभे! "आमचंच पोरगं आमची इज्जत काढतंय!" काका बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते. भांडण दिसलं की त्यांना आधी कागद आठवतो. दुपारी त्यांनी मला विकत आणलं आणि लाल स्केचपेननं पहिलं कलम लिहिलं: 'कोणाच्याही जातीवर व जेवणावळीवर बोलू नये.'

मग काय, रांगच लागली. दुसरं कलम धर्माचं, तिसरं पुढाऱ्यांचं. चौथं गावाच्या नावाचं. जुनं घेऊ नये, नवं घेऊ नये, 'आपलं गाव' म्हणून भागवावं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी सातवं लिहून घेतलं. बाराव्यात भजनी मंडळाच्या पेटीचा सूर आला. नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर बोलू नये, हे चौदावं कलम कुणी घातलं ते काका अजून सांगत नाहीत.

एक दिवस ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब काठी आपटत जिना चढून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"सदाशिवराव, दाताचा डागदर हाय, पेटीवाला हाय. आमचं नाव का नाय?"

"तुमच्यावर कुणी काही बोललंच नाही, तात्यासाहेब."

"तेच तर म्हणतो मी! म्हातारी माणसं टिंगलीच्या बी कामाची राह्यली नाईत व्हय?"

म्हाताऱ्याचे डोळे खरंच भरून आले होते. काकांनी घाईघाईनं एकोणिसावं कलम जाड अक्षरांत लिहिलं, आणि तात्यासाहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला काका चष्मा लावून मला मोठ्यानं वाचायचे, अगदी परिपत्रक वाचावं तसे. हळूहळू लोक त्यालाच हसू लागले. काही जण तर यादीपुरतेच यायचे, ती संपली की उठून जायचे. मी खोटं बोलणार नाही, मला ताठा चढला. हॉल आपल्यामुळे भरतो असं मला वाटायला लागलं.

इकडे ऋतुराज रडकुंडीला आला. "काका, सत्तावीस कलमं झाली. आता बोलू कशावर? ह्या पंख्यावर?"

"पंखा भजनी मंडळानं दिलाय," काका म्हणाले. "जपून."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. आणि त्याला सापडलं. माझ्यावर कातडीच्या रंगाचं कलम नव्हतं. काळ्या माणसांची संघटना नसते, त्यांचा अध्यक्ष नसतो, त्यांच्यातलं कुणी जिना चढून आलंच नव्हतं.

त्या रविवारी तो म्हणाला, "आमच्या घरात लाइट गेली की ताई हसल्याशिवाय ती कुठं हाय ते कळतच नाय." हॉल कोसळायचाच बाकी होता. माझं तोंड लोकांकडे असल्यानं मला सगळं दिसलं. साठ माना एकदम दाराकडे वळल्या. तिथं मोनिका उभी होती. तीही हसली, पण दात दिसू न देता. मला लाज वाटली. सत्तावीस ओळी अंगावर मिरवून मी नेमकी तिच्याच वेळी कोरी निघाले होते.

पुढचे दोन रविवार तोच विनोद, वाढवत वाढवत. मग बातमी आली की पुण्याहून नीरजा नावाच्या बाई तिकडच्या कार्यक्रमासाठी कलाकार निवडायला येणार आहेत. ऋतुराजची हक्काची पाच मिनिटं ठरलेली होती.

त्या दिवशी चार वाजता मोनिकानं दार उघडलं, सतरंज्या घातल्या आणि किल्ली खुर्चीवर ठेवली.

"पुढच्या बारीपासून दार तू उघड."

"ताई, लोक हसतात गं. तूबी हसलीस की!"

"मग काय रडू? परवा भाजीवाली म्हणली, 'तुम्हीच त्या अंधारातल्या का?' आई घरात बोलायचीच. आता तू सगळ्या गावाला बोलायला शिकवलंस."

ऋतुराजचं तोंड उतरलं. त्यानं काकांचं स्केचपेन उचललं आणि माझ्या तळाशी लिहिलं, '२८.' पुढं काही लिहिणार तोच तिनं त्याचं मनगट धरलं.

"लिहू नको."

"का?"

"लिहिलंस तर तू ह्या कागदाला भिऊन गप बसशील. मला तसलं गप बसणं नकोय. माझ्याकडं बघून तुझी जीभ जड झाली पाह्यजे."

ती खाली निघून गेली. मी कागद असून मला ते बोलणं लागलं.

पाच वाजता हॉल भरला. नीरजाबाई पहिल्या रांगेत वही घेऊन बसल्या. काकांनी मला वाचलं, आणि ऋतुराजनं माइक धरला. "माझी ताई..." एवढं म्हणाला आणि लोक आधीच हसले. दारात मोनिका होती. काकूंनी हातात चहा दिला म्हणून थांबली असावी. तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की नीरजाबाईंनी घड्याळ पाहिलं.

"आमच्या आईनं ताईसाठी धा वर्षं गोरं व्हायची क्रीम आणली," तो म्हणाला. "ट्यूब दर महिन्याला संपायची. ताई म्हणायची, मी हात बी लावत नाय. आईला खोटं वाटायचं. 'एवढी थापती तरी फरक नाय!' म्हणून ताईला रोज बोलणी." त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला. "लावत व्हतो मी. अकरावीपासून. न्हाणीत कडी लावून. बोलणी तिनं खाल्ली आन् क्रीम मी संपवली. आन् गुण बघा! कंपनीच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो बघून वॉचमन म्हणला, साहेब, फोटो काढताना लाइट गेली व्हती का?"

मग दारातून आवाज आला, "ऋत्या, मेल्या! तू व्हतास व्हय!" आणि मोनिका हसली. दात दाखवून, चहा सतरंजीवर सांडून, भिंतीला टेकून हसली. लोक तिच्या मागून हसले.

पुण्याहून अजून निरोप आलेला नाही. वहीत काय लिहिलं होतं ते मला दिसलं नाही. पण त्या दिवशी जाताना मोनिकानं खुर्चीवरची किल्ली उचलली, एवढं मी पाहिलं.

आता माझा लाल रंग विटलाय, भजनी मंडळाच्या पंख्यानं कोपरा फाटलाय, आणि माझा ताठाही उतरलाय. लोकहो, मला जरूर वाचा, हसा, हवं तर आणखी कलमं घाला. मागची बाजू अजून रिकामी आहे. पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. जे जिना चढून येतात, तेवढेच मला माहीत असतात.

काका अजूनही दर रविवारी मला वाचतात. सत्ताविसावं झालं की म्हणतात, "अठ्ठावीस," आणि थांबतात. पुढं काहीच लिहिलेलं नाही. नवे लोक चुळबुळ करतात, कागद संपला की काय म्हणून माझ्याकडे बघतात. ऋतुराज तेवढ्यात दाराकडे बघून घेतो. मग माइक हातात घेतो.