पायगुण आणि स्टाइलशीट

अख्खं ऑफिस नव्या मुलीच्या टेबलाभोवती जमलं होतं. हिशेबनीससुद्धा हातातलं काम टाकून, चष्मा कपाळावर सरकवून आले होते. तिच्या पडद्यावर, ऑफिसनं एका दवाखान्यासाठी बनवायला घेतलेल्या संकेतस्थळाचं पान उघडंबोडकं पडलं होतं. ना रंग, ना चौकटी, नुसती काळी अक्षरं वरून खाली ओघळलेली. तेच पान शेजारी डिझायनर दादांच्या मशीनवर मात्र नटूनथटून बसलेलं.

“बघितलंत?” ऊर्जातज्ज्ञ म्हणाले. मालकीणबाईंनी त्यांना खास बोलावलं होतं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही मशीनवरून तांब्याची एक कांडी फिरवली. “पान एकच. फरक बसणाऱ्याच्या स्पंदनांचा. यंत्राला माणूस कळतो, मॅडम. क्वांटम आहे हे, सोपं नाही.”

सोपं नव्हतंच, कारण क्वांटम म्हणजे काय ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं, तज्ज्ञांसकट. तरी माना पटापट हलल्या. मुलगी महिन्यापूर्वी आली आणि तेव्हापासूनच पानं अशी दिसू लागली, हे सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ‘पायगुण’ हा शब्द आधी जेवणाच्या सुट्टीत कुजबुजला गेला, मग मालकीणबाईंच्या केबिनपर्यंत पोचला. आज संध्याकाळी तिला कामावरून काढायचं ठरलं होतं.

या कामात पंधरा वर्षं मुरलेले दादा भिंतीला टेकून गप्प उभे होते.

मुलगी उठली. “मॅडम, जायला सांगाल तर जाते. त्याआधी एक करू द्या. दोष माझ्यात असेल तर तो माझ्याबरोबर दादांच्या खुर्चीवर येईल. खुर्च्या बदलून बघू.”

“स्पंदनांची परीक्षा घ्यायची नसते,” तज्ज्ञ घाईघाईने म्हणाले.

“का? घाबरतात का ती?” हिशेबनीसांनी विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं आणि मालकीणबाईंनी होकार दिला.

मुलगी दादांच्या मशीनवर बसली. पान नटलेलं. दादा तिच्या मशीनवर बसले. पान बोडकं.

“म्हणजे आता पायगुण दादांचा वाईट?” हिशेबनीस म्हणाले.

तज्ज्ञांनी खाकरून सांगितलं की ऊर्जा आता खुर्चीत मुरलीय, खुर्ची बदलावी लागेल.

मुलीनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं पानाचा कोड उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. “पानाचे रंग, अक्षरं, मांडणी एका वेगळ्या फाइलीत असतात, स्टाइलशीटमध्ये. ती कुठे आहे त्याचा पत्ता इथे लिहितात. पत्ता सगळ्यांच्या सामायिक फोल्डरचा हवा. हा दादांच्या मशीनमधल्या त्यांच्या स्वतःच्या फोल्डरचा आहे. फाइल फक्त त्यांच्याच मशीनला सापडते. मॅडम, तुमच्या मशीनवर उघडून बघा.”

मालकीणबाईंनी उघडलं. तिथेही बोडकं. मुलगी यायच्या आधी ही पानं दादांशिवाय कोणी उघडतच नव्हतं, मग कळणार कसं? तिनं फाइल सामायिक फोल्डरमध्ये टाकली, पत्ता बदलला आणि पान तिन्ही मशीनवर नीट दिसू लागलं. तज्ज्ञांनी काढता पाय घेतला.

“दादा, ही पानं तुम्हीच केली होतीत ना?” मालकीणबाईंनी विचारलं.

दादांची कानशिलं तापली. पान सेव्ह करायच्या आधीच त्यांनी स्टाइलशीट जोडली होती, तेव्हा सॉफ्टवेअरनं आपोआप त्यांच्या मशीनचा पत्ता लिहून टाकला. अशी चूक कोणाचीही होते, त्याची लाज नव्हती. पण ही ओळ त्यांनी परवाच वाचली होती. पंधरा वर्षांचा अनुभव आणि असली शिकाऊ चूक. तिच्या पायगुणावर खपतेय तर खपू दे, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

“चूक माझी,” ते म्हणाले. “आणि मला ती परवाच कळली होती.”

“माणसाला दोष देण्याआधी एकदा खुर्च्या बदलून बघत जा,” मुलगी सगळ्यांना म्हणाली. “कोणालाही जमतं, त्याला तज्ज्ञ लागत नाही.” मग ती दादांकडे वळली. “यांना माहीत नव्हतं म्हणून यांनी विश्वास ठेवला. तुम्हाला तर माहीत होतं, दादा.”

दादांना मान वर करून तिच्याकडे बघवलं नाही.