कपाळावरचा डाग

मंचरच्या त्या गोरखसराला आधी शिव्या घालून घेते, मंग पुढचं सांगते. मुडदा बशिवला त्याचा! तसा माणूस वाईट न्हाई. मंचरला फोटो स्टुडिओ हाय त्याचा, आन दर शनिवारी आमच्या लोणीच्या शाळेत येऊन पोरांना कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकवायचा. दोन हजार सात साल व्हतं. आमची तेजस्विनी नववीला. तिचा हात माउसवर असा बसला, की सर म्हणायचे, "आशाताई, ही पोरगी उद्या माझंच दुकान बसवील." झालं, मी सगळ्या आळीला सांगून आले. मला कौतुक पोटात ठेवता येत न्हाई.

आता आमच्या आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, सरूबाई. जल्मात एकटीचा फोटो न्हाई त्यांचा. लग्नकार्यात मागच्या रांगेत अर्धं तोंड, तेवढंच. कुणाच्या दहाव्याला जाऊन आल्या की मला इचारायच्या, "मी गेल्यावर भितीवर काय टांगशील गं? रेशनकार्ड?" पुढं सरांनी घरातल्या मोठ्या माणसाचा फोटो आणायला सांगितला, तसं तेजूनं शाळेचा कॅमेरा आणून आजीलाच तुळशीपाशी बसवलं. आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. डॉक्टर सुई टोचायला आल्यागत ताठ बसल्या, पण मनातनं लई खूश व्हत्या.

पुढच्या शनिवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, चेहऱ्यावरचे डाग काढा.

गॅदरिंगच्या दिवशी पडदा लावून पोरांचे फोटो मोठाले करून दाखवले. आमी पालक खाली सतरंजीवर. तेजूचा पहिला नंबर. पडद्यावर आत्याबाईंचं तोंड आलं, आन काय ते तोंड! वांग न्हाई, सुरकुती न्हाई, गुळगुळीत. मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीच वाजवल्या.

आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या. हळू बोलायचं त्यांना ठावंच न्हाई. "कोण गं ही? पावणी दिसती कुणाची."

सगळी सतरंजी हसली. सर माईकवरनं म्हणले, "अवो आजी, तुमीच की! नातीनं तरण्या केल्यात."

आत्याबाईंचं बोट कपाळावर गेलं. "आन माझा डाग?"

"काढला!" सर म्हणले. "बघा मंडळी, आजींच्यापण ध्यानात आलं. होऊन जाऊ द्या टाळ्या!"

आता ह्या डागाचं सांगते. आमच्याकडं दागिन्याला डाग म्हणत्यात. आत्याबाईंचे सोन्याचे डाग नणंदांच्या लग्नात गेले. ऱ्हायलं कपाळावरचं गोंदण. त्यालाच त्या माझा डाग म्हणायच्या. डिंगोऱ्याला माहेरी, लहान असताना, आईनं मांडीत दाबून धरून गोंदवून घेतलेलं. पोर रडाय लागली तवा आई म्हणली व्हती, "रडू नगं. बाईच्या अंगावरले बाकीचे डाग मेल्यावर काढून घेत्यात. ह्यो तुझ्यासंगं येतो. ह्याच्यावरनं मी तुला वर वळखीन." हे मी हजारदा ऐकलेलं. तेजूनंबी ऐकलेलं. पण तिच्या शाळेतल्या मराठीत डाग म्हंजी घाण.

एरवी मी रस्त्यात शंभर माणसांसमोर भांडते. तिथंबी उठून "बंद करा ते" म्हणायला पायजे व्हतं, पण पोरीचा पहिला नंबर व्हता ना! बसून ऱ्हायले. आत्याबाई लोकांसंगं हसल्या, आन हळूच पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला. कुणाच्या बापाला न भ्यालेली बाई ती, स्वतःचं कपाळ झाकत व्हती. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं मला.

घरी येऊन तेजूच्या पाठीत धपाटा घातला. "आजीच त्याला डाग म्हणायची ना!" म्हणून पोरगी हमसून हमसून रडली. तिचंबी काय चुकलं व्हतं? नवा फोटो काढू म्हणावं, तर आत्याबाई पदर वर करीनात. झोपतानापण न्हाई.

मंग आमी मायलेकी मंचरला गेलो. ऐकल्यावर सरांचं तोंड एवढंसं झालं. सुधारलेला फोटो पहिल्याच्याच नावानं सेव्ह केल्यानं पहिला पुसला गेलेला, कॅमेरापण रिकामा केलेला. "मी माउसनं परत काढून देतो, ताई," ते म्हणले. "गोंदण कसं व्हतं तेवढं सांगा. चंद्रकोर व्हती? ठिपके किती?"

मधी चंद्रकोर व्हती का तुळस? ठिपके खाली का बाजूला? लग्न होऊन आले तवापास्नं रोज सकाळी त्या तोंडापुढं चहाची कपबशी धरली, आन मला सांगता येईना! तेजू म्हणली, "तीन..." आन बोटं मोजाय लागली. सर खाली बघाय लागले. मला वाटलं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

घरी आलो तवा आत्याबाई न्हाणीपाशी बसल्या व्हत्या, पदर तसाच. तेजू कागद-पेन्सिल घेऊन पुढ्यात बसली. "आजी, पदर वर कर की. तुझा डाग काढायचाय." चित्र काढत्यात तसा काढायचा, असं म्हणायचं व्हतं पोरीला.

आत्याबाईंनी मुकाट पदर वर केला.

कपाळ सोलून निघालं व्हतं. मधी लाल, कडंला रगत सुकलेलं. टाचा घासायची वजरी बाजूला ओली पडली व्हती.

"लई घासलं गं," त्या चोरट्यागत म्हणल्या. "मीबी काढाय बघितला. निघंना. तुझ्या सरांना म्हणावं, म्हातारीला न्हाई जमलं."