बंद टपरीपुढची रांग

विल्फ्रेड ऑकली इंग्लंडमधल्या क्रोमरच्या किनाऱ्यावर आला होता तो डोरीनला लग्नाचं विचारायला. आला चर्चच्या सहलीच्या बसमधून, सगळ्या म्हाताऱ्या मंडळींबरोबर, पण मनात हे एकच. डोरीन सोमवारी वेल्सला बहिणीकडे कायमची राहायला निघाली होती. आज नाही विचारलं तर बसा हात चोळत.

सकाळपासून दोघं कापडी आरामखुर्च्या शेजारी शेजारी मांडून बसली होती. वारा असा की सँडविचमध्ये काकडी कमी आणि वाळू जास्त.

"हवा काय सुरेख पडलीय," डोरीन कोटाची कॉलर वर करत म्हणाली.

"झकास," म्हणत विल्फ्रेडनं गुडघ्यांवरची शाल छातीपर्यंत ओढली.

दुपार झाली तरी गाडी हवेच्या पुढे सरकेना. नातवंडांचा आजोबा झालेला माणूस, पण तोंडाला कुलूप. शेवटी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून तो उठला.

धक्क्याजवळ आइस्क्रीमची एक टपरी होती, शटर ओढलेली. विल्फ्रेड तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात तालीम करू लागला. "डोरीन, तुम्ही वेल्सला जाऊ नका. माझ्याशी लग्न करा." शटरला सांगणं किती सोपं. पाच-सहा वेळा म्हटल्यावर त्याला धीर आला, आणि तो वळला.

मागे रांग लागली होती.

आम्हा इंग्रजांची ही जुनी खोड. कुणी कशापुढे नीट उभा दिसला, की दुसरा त्याच्या मागे उभा राहणारच. कशासाठी, हे विचारायचं नाही, ते उद्धटपणाचं.

"कधी उघडणार म्हणाले?" मागच्या टोपीवाल्या बाईनं विचारलं.

खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण एवढ्या लोकांना तोंडघशी कसं पाडायचं? "येईलच इतक्यात," विल्फ्रेड म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं अडकला. आता पहिलाच माणूस निघून गेला तर लोक काय म्हणतील?

रांग वाढत कठड्यापर्यंत गेली. आणि त्याला शोधत आलेली डोरीन, निळा कोट सावरत, निमूटपणे शेवटी उभी राहिली. त्यानं हातानं पुढे बोलावलं. तिनं घाबरून मान हलवली. मध्ये घुसायचं? डोरीननं उभ्या जन्मात कुणाची रांग मोडली नव्हती.

वरच्या रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. परत निघायची वेळ झाली होती.

"बाई, एक काम कराल?" तो टोपीवालीला म्हणाला. "शेवटी निळ्या कोटात बाई आहेत ना, त्यांना निरोप द्या. वेल्सला जाऊ नका म्हणावं. माझ्याशी लग्न करा."

टोपीवालीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तिनं वळून मागच्या गृहस्थाला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. जो तो पुढे सांगताना आपल्या पदरचं एक "कृपया" घालत होता. थोड्या वेळानं उलट निरोप आला.

"त्या विचारतात, सकाळपासून काय करत होतात?"

"सांगा, हवेबद्दल बोलत होतो."

हा निरोप गेला, आणि पुढे काहीच येईना. भोंगा पुन्हा वाजला. विल्फ्रेडनं मान उंच करून पाहिलं, तर रांगेच्या शेवटी निळा कोट नव्हता. गेली बसकडे. संपलं सगळं. त्याला रडू यायला लागलं.

तेवढ्यात रांगेत कुणीतरी खोकलं. मग आणखी एकजण. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिवी नाही. डोरीन रांगेच्या कडेनं, खाली मान घालून, एकेकाला मागे टाकत येत होती.

"माफ करा हं," एक गृहस्थ म्हणाले, "रांग तिकडून आहे."

डोरीनचे कान लाल झाले, पण पाय थांबले नाहीत. तिनं येऊन विल्फ्रेडच्या दंडात हात घातला आणि मग त्या गृहस्थाकडे वळली.

"मी यांच्याबरोबर आहे," ती म्हणाली. "आजपासून कायमची. वेल्स रद्द."

"मग ठीक आहे," गृहस्थ म्हणाले.

दोघं हातात हात घालून बसकडे निघाली. टोपीवाली बाई एक पाऊल पुढे सरकली आणि बंद शटरकडे तोंड करून नीट उभी राहिली.