नलूच्या हळदीतला गोबेलीन

मित्रांनो, मी एक जुना गोबेलीन आहे. नवापूरच्या किनाऱ्यावर, भर दुपारी, मला आत्ताच पेटवलं आहे. लोकर भडाभडा पेटत नाही, नुसती धुमसत राहते, म्हणून तुमच्याशी बोलायला थोडा वेळ मिळाला. माझं कौतुक ऐकवायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो.

गोबेलीन म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं, कारण सगळा घात त्या नावानंच केला. पॅरिस शहरात गोबेलीन नावाचं रंगाऱ्यांचं घराणं होतं. पुढे त्यांच्या जागेत राजवाड्यांसाठी चित्रं विणली जाऊ लागली. रंगवलेली नव्हेत हं, मागावर धाग्याधाग्यानं विणलेली, भिंतीवर टांगायची चित्रं. हळूहळू लोक कुठल्याही नाजूक विणीच्या चित्रकापडाला तेच नाव देऊ लागले. मी तर यंत्रावर विणलेला, मुंबईच्या दुकानातून आणलेला. माझ्यावर तळ्याकाठी पाणी पिणारी हरणं होती, एवढंच. पण नाव मोठं मिळालं आणि मी फुगलो.

तारापूरच्या जरबाई या पारशी बाईंच्या बंगल्यात मी वीस वर्षं टांगलेला होतो. नवापूरची काशीबाई तिथं झाडलोट करायची. एकदा ती मला पडदा म्हणाली, तर जरबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. पडदा दाराला असतो, चादर खाटेवर असते, याला कापड म्हणायचंच नाही, गोबेलीन म्हणायचं, असं त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं. वर्षातून दोनदा सावलीत झटकायचं आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचं, तेही शिकवलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं त्या सुमारास जरबाई बंगला विकून मुंबईला गेल्या. जाताना त्यांनी मला काशीबाईच्या हाती दिलं.

काशीबाईचा नवरा दर्यात बुडालेला. घरात ती आणि दहा वर्षांची हंसा. त्या कुडाच्या घरात माझा काय थाट! बाया सुकटीच्या टोपल्या दारात उतरवून मला बघायला यायच्या. काशीबाई आधी हात धुवायला लावी, मग माझं नाव सांगे. शेजारीच तिचा थोरला भाऊ नवशा राहायचा. त्याची मुलगी नलू तर हरणांवरून बोट फिरवत तासभर उभी राही. माझ्या लग्नात हा लावायचा, असं तिनं आत्याकडून कबूल करून घेतलं होतं.

शिमग्यानंतर हंसाला देवी आल्या. पोरीला वारा लागू नये, कुणाची नजर पडू नये, म्हणून काशीबाईनं मला तिच्या खाटेशी बांधलं. वीस-बावीस दिवस मी तिच्या अंगाला लागून होतो. खाज सुटली की पोर माझ्यावर हात घाशी, आणि सुकलेल्या खपल्या माझ्या विणीत अडकून राहत. पोर वाचली, तोंडावर व्रण तेवढे राहिले.

मग देवी टोचणारे चंद्रभान डॉक्टर आले. त्यांनी पाड्यातल्या सगळ्यांचे दंड टोचले, आणि खोलीतलं कापड न् कापड जाळायला सांगितलं. काशीबाईनं चटई, गोधडी, स्वतःचं लुगडं, सगळं जाळलं. मला मात्र आदल्या दिवशीच पेटीत घातलं होतं. आणखी काही राहिलं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिनं हंसाच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. ती खोटं बोलत नव्हती हो, तिच्या मते तरी नव्हती. नंतर येसूबाईनं, म्हणजे नवशाच्या बायकोनं, मला पेटीत पाहून विचारलंच.

"त्यांनी कापड जाळायला सांगितला, वैनी," काशीबाई म्हणाली. "गोबेलीन कोण जाळतं?"

आणि मी, मेला, ते ऐकून खूष झालो!

नलूनं मात्र टोचून घेतलं नव्हतं. लग्न तोंडावर, दंड सुजला तर चुडा कसा भरायचा, म्हणून ती सुकटीच्या खोपीत लपून बसली होती. वैशाखात तिची हळद लागली. आत्याचा मान म्हणून काशीबाईनं मला आणून पाटामागच्या भिंतीला लावलं. ओल्या हळदीच्या अंगानं नलू दिवसभर मला टेकून बसली, हसत होती, हरणांना गाल लावत होती. माझ्या विणीतल्या खपल्यांत रोग अजून होता, हे मला ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं.

केळव्याजवळच्या माहीमला तिचं सासर. बाराव्या दिवशी तिला ताप चढला. पुढच्या दहा दिवसांत ती गेली.

नलूला देवी कुठून लागल्या हे शोधत आज सकाळी चंद्रभान डॉक्टर काशीबाईकडे आले. मी पुन्हा भिंतीवर होतो. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं हरणाच्या पोटाजवळची एक खपली दाखवली आणि हंसाच्या आजारात हे कुठं होतं, एवढंच विचारलं. काशीबाईनं हंसाच्या खाटेकडे बोट दाखवलं. मग तिनंच मला काढलं, किनाऱ्यावर आणलं, रॉकेल ओतलं.

धूर बघून नवशा आला. काय जाळतेस, असं त्यानं विचारलं. फाटकं जाळं आहे, असं सांगता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण काशीबाईनं तसं सांगितलं नाही.

"दादा, हंसाच्या देवीत ह्यो घरात व्हता. जाळायला सांगितला, मी नाय जाळला. आपली नलू माज्यानं गेली."

 नवशानं माझी न जळलेली कड पायानं विस्तवात ढकलली.

"आता माज्या दारात येऊ नको," तो म्हणाला, आणि निघून गेला. त्याचं दार तिच्या दारापासून वीस पावलांवर आहे. काशीबाई अजून इथंच वाळूत बसली आहे.

मित्रांनो, आता फार थोडा उरलो आहे. घरात असा आजार येऊन गेला की रोग्याच्या अंगाजवळचं डॉक्टर सांगतील ते सगळं जाळा. त्याचं नाव काय, ते कुणी दिलं, किती वर्षं जपलं, हे बघत बसू नका. टोचणारे दारात आले की लपू नका, दंड पुढे करा.

नलू अठरा वर्षांची होती.