अंडं घालायच्या आधी

सेज घातलं होतं की नव्हतं?

ओपल टर्कीत भरायच्या सारणाच्या पातेल्यापुढे उभी होती आणि तिला आठवत नव्हतं. पाव परवाच फाडून जुन्या चादरीवर वाळत टाकला होता, छान कडकडीत झाला होता. कांदा आणि सेलरी लोण्यात मऊ करून त्यावर ओतली. कोंबडीचं पाणी शिंपडलं. मीठ, मिरी, पार्सली. आणि तेवढ्यात फोन वाजला. ग्लेनचा, तिच्या मुलाचा.

"आई, निघालो आम्ही. बारापर्यंत पोचतो. सारणाचा वास फाटकातच यायला पाहिजे हां."

"येईल की," ती म्हणाली.

फोन ठेवून आली तर सेजच्या, त्या उग्र वासाच्या वाळक्या पानांच्या, बरणीचं झाकण उघडं. आत चुरा अर्धा. आधी किती होता, देव जाणे. सारणात हिरवे ठिपके होते, पण पार्सलीचेही तसेच दिसतात.

कुणीही म्हणेल, त्यात काय, वाकून वास घे. तिथंच तर घोडं अडलं होतं. गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला, आणि ताप गेला तो नाक घेऊन गेला. जिभेला मीठ कळायचं, साखर कळायची. बाकी सगळं ओला पुठ्ठा. कॉफी म्हणजे गरम पाणी. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात सफरचंदं शिजत ठेवून ती वर गेली होती. खाली पातेल्याचा कोळसा झाला, शेजारच्यांनी बंब बोलावला, आणि ही वर निवांत चादरींच्या घड्या घालतेय. ग्लेन धावत आला.

"झोप लागली होती का, आई?"

"लागली होती."

"हे बघ, मी स्पष्ट सांगतो. आणखी एकदा असं काही दिसलं तर घर विकायचं आणि तू आमच्याकडे यायचं. थँक्सगिव्हिंगला येतो तेव्हा बघू."

त्याच्याकडची ती तळघरातली खोली तिनं पाहिली होती. खिडकी होती, छताला चिकटलेली. त्यातून गाडीची चाकं दिसायची.

म्हणून आज सारण चुकून चालणार नव्हतं. ग्लेन दात आल्यापासून हे सारण खात आलाय. सेज नसेल तर पहिल्याच घासाला त्याला कळणार. दोनदा पडलं असेल तर साबण खाल्ल्यासारखं लागणार, मग तर कळणारच. आणि वेळ अंडं घालेपर्यंतच होता. अंडं पडलं की कच्चं सारण कुणी तोंडात घालत नाही. म्हणून तर या घरात अंड्याआधीचा पहिला चमचा स्वयंपाकघरात जो असेल त्याला मिळायचा. नवरा होता तोवर नवऱ्याला. आज स्वयंपाकघरात ती एकटी होती.

तिनं खिडकीतून पाहिलं. शेजारचे लेकीकडे गेलेले, गाडी नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. धूर फक्त एकाच धुराड्यातून येत होता. समोरच्या. वेल्डाच्या.

वेल्डा तिची नणंद. पाच-सहा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. एका थँक्सगिव्हिंगला वेल्डानं स्वतःच्या घरून सारणाचा ट्रे करून आणला, कालवं घातलेलं, आणि सगळ्यांदेखत ओपलच्या सारणाशेजारी ठेवला. का, तर म्हणे ज्यांना सेजची ती औषधाची चव आवडत नाही त्यांच्यासाठी. ओपलनं तो ट्रे उचलून मागच्या ओट्यावर ठेवला होता. बस्स. तेव्हापासून चर्चमध्येसुद्धा दोघी दोन टोकांना.

दहा वेळा नको म्हटलं तिनं मनात. मग वाडग्यात सारण घेतलं, त्यात चमचा खोचला, वर फडकं टाकलं, लोकरी कोट चढवला आणि निघाली.

वेल्डाचा कुत्रा, डीकन, फाटकातच आला आणि शेपूट हलवत तिच्या कोटाला अंग घासायला लागला. तिनं त्याचं डोकं खाजवलं. निदान कुणीतरी खूश होतं. वेल्डा व्हरांड्यात शाल गुंडाळून बसली होती. ती उठली नाही.

"अगंबाई, वहिनीसाहेब. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. एक घास चाखून सांग."

"मी? औषधाचा?"

"वेल्डा, मी भांडायला नाही आले. सेज पुरेसं आहे का, एवढं सांग. मग जाते."

वेल्डानं वाडगा घेतला नाही. ती तिच्याकडे बघत राहिली. आधी तोंडाकडे, मग कोटाला टेकून बसलेल्या डीकनकडे.

"परवा याच्यावर स्कंकनं तो आपला घाण वासाचा फवारा मारलाय," ती सावकाश म्हणाली. "थेट तोंडावर. टोमॅटोच्या रसानं धुतला, व्हिनेगरनं धुतला, काही उपयोग नाही. टपालवाला गाडीतूनच पत्रं फेकून पळतो. पाद्रीबाबा आले ते फाटकावरूनच आशीर्वाद देऊन गेले. आणि तू त्याला कुरवाळतेस."

ओपलनं कोट त्याच्यापासून ओढून घेतला.

"तुला वास येत नाही."

"सर्दी आहे."

"कधीपासून?"

 ओपलनं वाडगा दुसऱ्या हातानं सावरला. "फेब्रुवारीपासून," ती म्हणाली. "ग्लेनला सांगू नकोस. तुझ्या पाया पडते. तो मला घेऊन जाईल."

"आणि गॅस? गळला तर?"

"रोज रात्री बाहेर जाऊन टाकीची चावी बंद करते."

"बर्फात?"

"बर्फात."

 वेल्डानं फडकं बाजूला केलं, चमचाभर सारण तोंडात घातलं, डोळे मिटून चावलं. ओपल तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का शोधत होती. काहीच दिसेना. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही बाई आता काहीही सांगू शकते. खरं किंवा खोटं. तिला कसं कळणार होतं?

"सेज नाहीचे यात," वेल्डा म्हणाली. "कणभर नाही."

"नक्की?"

"मीठ बरोबर आहे. सेज नाही. विश्वास नसेल तर नको ठेवूस. मी आपली वासात बसलेय, मला कुठं जायचंय."

ओपल घरी आली. कोट स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला अडकवला. बरणी हातात घेऊन उभी राहिली. खोटं असलं तर सगळं संपलं. मग तिनं डोळे मिटले आणि नेहमीएवढं, एक मूठ, चुरगाळून टाकलं. वर अंडी फोडली. आता मागं फिरणं नव्हतं. टर्कीच्या पोटात सारण भरलं, उरलेलं ट्रेमध्ये, आणि भट्टीचं दार लावलं.

बाराच्या आधीच गाडी वाजली. ग्लेननं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि थांबला. मागून त्याच्या बायकोनं, मार्सीनं, मफलर नाकाशी धरला.

"आई, हे काय आहे?"

 म्हणजे वेल्डा खोटंच बोलली, ओपलला वाटलं.

"का?" ती म्हणाली. "सेज जास्त झालं का?"

 ग्लेननं इकडेतिकडे पाहिलं, खुंटीपाशी गेला, कोट हुंगला आणि झटकन तोंड फिरवलं. कोट काढून तिच्यासमोर धरला.

"हा कशाचा वास आहे, आई?"

तिनं वास घेतल्यासारखं केलं. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर असेल म्हणून तिथं शोधलं. तो अगदी बापासारखा दिसत होता, घाबरला की बाप असाच दिसायचा.

"लोकरीचा," ती म्हणाली.

ग्लेननं कोट बाहेर ओट्यावर नेऊन टाकला. आत येऊन तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे उकिडवा बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तेव्हा झोप नव्हती लागली."

"नाही."

"धूर कळलाच नाही तुला."

"नाही."

जेवण झालं. खिडक्या उघड्या टाकून, अंगावर जाकिटं घालून जेवले सगळे. ग्लेननं सारण दोनदा घेतलं. 

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"बरोबर झालंय, आई. नेहमीसारखं." आणि जरा वेळानं, ताटाकडे बघत, "नाताळच्या आधी सामान हलवू."

मार्सी भांडी घासायला उठली तेव्हा ओपलनं एका ताटलीत सारण वाढलं, तोच कोट अंगावर घातला आणि रस्ता ओलांडला. वेल्डा तिथंच बसली होती.

"मला वाटलं तू खोटं सांगतेयस," ओपल म्हणाली.

"मग घातलंस का?"

"दुसरं कोण होतं?"

वेल्डानं एक घास खाल्ला. "औषधच आहे," ती म्हणाली, आणि आणखी एक घेतला. मग कोटाकडे बघून तिचा हात थांबला. "अगं, हा घालून घरी गेलीस? डीकन घासला होता ना याला."

"ग्लेनला दारातच वास आला."

"देवा. माझ्या ध्यानातच आलं नाही, ओपल. दोन दिवस यातच बसलेय. मला आता तो येतच नाही."

ओपल शेजारच्या पायरीवर बसली. डीकन येऊन दोघींच्या मध्ये आडवा झाला. समोर तिच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि ग्लेन गॅसच्या टाकीपाशी वाकून चावी कुठल्या बाजूला फिरते ते बघत होता.

"उलटी फिरते ती," ओपल म्हणाली. पण एवढ्या लांबून त्याला ऐकू जाणार नव्हतं.