दोनशे चौदा तारांकित प्रश्न

आमचे गाइड प्रभाकरराव सर तीस वर्षांपासून विधानसभेचा अभ्यास करून राह्यले, पण सभागृहाच्या गॅलरीत गेले एकदाच, अन् तिथंही त्यायले डुलकी लागली. उंटावरून शेळ्या हाकणं शिकावं तर त्यायच्याकडून. आमदार अभ्यासू का नाई, हे ओळखायचं त्यायचं शास्त्र एकदम सोपं. ज्याचे प्रश्न जास्त, तो अभ्यासू. मोजा अन् तक्ता करा.

माही पीएचडी त्याच तक्त्यावर. पहिला नंबर आला आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या बाबाराव आमदाराचा. एका वर्षात दोनशे चौदा तारांकित प्रश्न! सर खुशीत. मले मात्र घाम फुटला, कारण ते सारे प्रश्न मीच लेहले होते. बाबारावचा पीए ओमप्रकाश सिंदी मेघेत माह्या घराशेजारी राह्यते. "प्रफुलभाऊ, तुमी पेपर वाचता, चार प्रश्न काढून द्या ना," म्हणे. चाराचे दोनशे झाले. बाबाराव खाली सही मारत, वाचत नसत.

म्हणजे पेरलं मी अन् मोजलंही मीच. हे फुटलं असतं तर सहा वर्षं पाण्यात गेली असती.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेले बाबाराव स्वतः हजर, पहिल्या रांगेत, शाल घेऊन. बाहेरून आलेल्या परीक्षक रक्षा मॅडमनं विचारलं, "इतके नेमके प्रश्न आमदार स्वतःच लिहितात, हे तुम्ही कसं तपासलं?"

टेबलाखालून सरांचा बूट माह्या पायावर आला. पण सहा वर्षांत हा पहिला धड प्रश्न कोणी विचारला होता. मले राह्यवलं नाई.

"ते लेहत नाईत मॅडम. मीच लेहतो."

बाबाराव मोबाइल पाहून राह्यले. संपलं, म्हटलं.

तर सर ताडकन उभे! "संशोधनात या पद्धतीलेच म्हणतात सहभागी निरीक्षण! आमचा विद्यार्थी काठावर बसला नाई, आत उतरला!"

टाळ्या! मॅडमनं "अरे वा" म्हणून लिहूनही घेतलं. बाबारावनं माह्या खांद्यावर शाल टाकली अन् कानात म्हणाले, "डॉक्टर, हिवाळी अधिवेशन जवळ आलं. प्रश्न लवकर देजो."

लबाडी लपवून डिग्री भेटते, हे ऐकलं होतं. कबूल करूनही भेटते, हे नव्हतं माहीत. आयुष्यात एकदा छाती करून खरं बोललो, अन् बाप्पा, त्याचीही पद्धत निघाली! लय लाज वाटली. आता गुन्हा कबूल करायलेही जागा उरली नाई.